१८, स्टॅफर्ड टेरेस : केन्सिंग्टनमधलं एक घर आणि त्यात राहिलेली माणसं

अबोली
गेल्या महिन्यात या घरात तिसऱ्यांदा जाऊन आले. परतताना ट्रेनमध्येच ठरवलं की आता लिहायचंच.

लंडनमध्ये हाय स्ट्रीट केन्सिंग्टन स्टेशनला उतरायचं, दुकानांची गर्दी ओलांडून मागच्या गल्लीत शिरायचं. तिथे १८७०च्या आसपास बांधलेल्या एकसारख्या उंच घरांची रांग आहे. त्यातलं १८ नंबरचं घर बाहेरून शेजाऱ्यांपेक्षा काही वेगळं दिसत नाही. फक्त तळमजल्याच्या खिडकीला काचेची एक पेटी बाहेर आलेली आहे, आत नेचे लावलेले. दार उघडून आत गेलं की डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला मिनिटभर लागतं. नंतर हळूहळू भिंती दिसू लागतात. भिंती म्हणजे चित्रंच, कारण चौकटीला चौकट लागून टांगलेली आहे. जिन्यातही तेच. मधल्या वळणावर शिंपल्यांनी सजवलेला पाण्याचा हौद आहे. वर पहिल्या मजल्यावर पुढच्या खिडकीपासून मागच्या खिडकीपर्यंत एकच लांबलचक दिवाणखाना. खुर्च्या, टेबलं, निळ्या-पांढऱ्या चिनी मातीच्या बरण्या, घड्याळं. मागच्या खिडकीला रंगीत काचा.

हे घर एडवर्ड लिन्ली सँबर्न (१८४४-१९१०) आणि त्याची बायको मॅरियन यांचं. लिन्ली 'पंच' या साप्ताहिकाचा चित्रकार. सोळाव्या वर्षी तो ग्रिनिचला जहाजांची इंजिनं बनवणाऱ्या कारखान्यात उमेदवारीला लागला होता. तिथल्या कागदांवर वेळ मिळेल तशी चित्रं काढायचा. त्यातलं एक 'पंच'च्या संपादकापर्यंत, मार्क लेमनपर्यंत पोचलं आणि १८६७ पासून तो 'पंच'साठी काढू लागला. ॲलिसच्या गोष्टीची चित्रं काढणारे टेनियल १९०१ मध्ये निवृत्त झाले, तेव्हा मुख्य व्यंगचित्रकाराची जागा त्याला मिळाली. म्हणजे चौतीस वर्षांनी.

मॅरियन हेरापथ शेअर दलालाची मुलगी. १८७४च्या ऑक्टोबरात लग्न झालं. पुढच्या वर्षी त्यांनी हे घर घेतलं, २,००० पौंडांना, ८९ वर्षांच्या भाडेपट्ट्यावर. त्याच वर्षी मॉड जन्मली, १८७८ मध्ये रॉय.

आता मला हे घर इतकं का आवडतं ते सांगते. हे श्रीमंताचं घर नाही. इथून चालत जाण्याच्या अंतरावर लॉर्ड लेटनचं घर आहे, अरबी फरशांनी मढवलेल्या दालनाचं. ल्यूक फिल्ड्स, मार्कस स्टोन असे नावाजलेले चित्रकारही जवळच राहायचे आणि आपापल्या घरांची कामं नामांकित वास्तुकारांकडून करून घ्यायचे. सँबर्नला ते परवडणारं नव्हतं. म्हणून त्याने बिल्डरने बांधलेलं साधं घर घेतलं आणि त्या मोठ्या लोकांची आवड त्यात आणून बसवली. भिंतीवरची बरीचशी चित्रं म्हणजे मित्रांच्या चित्रांच्या छापील प्रती किंवा छायाचित्रं. फर्निचरात काही जुनं, काही जुन्याची नक्कल. आधी भिंतींना विल्यम मॉरिसच्या नमुन्याचे कागद होते. १८८०च्या दशकात दिवाणखान्यात चामड्यासारखा दिसणारा, सोनेरी, उठावाचा महाग कागद लावला, तोही चौकटींच्या मागे लावला नाही. जिथे दिसणार नाही तिथे कशाला पैसे घालायचे! मोठ्या चित्रांच्या मागे जुना मॉरिस तसाच राहिला. पहिल्यांदा हे ऐकलं तेव्हा मला आईची आठवण आली. तिने दिवाळीत कपाटामागची भिंत सोडून बाकी खोली रंगवून घेतली होती.

हे घर आपल्यापर्यंत आलं कसं, तेही लिहायचं आहे. जेवून येते.

खिडकीतला
रुमाल टाकून ठेवतोय. सविस्तर येऊ द्या.

सदाफुली
अबोली, किती छान लिहितेस. कपाटामागची भिंत आमच्याकडेही अजून जुन्या पोपटी रंगाची आहे. मॅरियनबद्दल अजून सांग ना. असे लेख नवऱ्याबद्दलच बोलत राहतात.

अबोली
सदाफुली, त्याच्यावरच येत होते.

मॅरियनने १८८१ पासून १९१४ पर्यंत, मरेपर्यंत, रोजनिशी लिहिली. रोज थोडंच. जेवायला कोण आलं, आपण कुणाकडे गेलो, तब्येत कशी होती, मुलं काय म्हणाली, कुठल्या मोलकरणीने काम सोडलं, 'लिन' घरी किती वाजता आला. लिननेही १८८२ पासून स्वतःची रोजनिशी ठेवली. एकाच घरातल्या, एकाच तारखेच्या दोन नोंदी शेजारी ठेवून वाचता येतात असं भाग्य इतिहासकारांना क्वचित मिळतं.

त्या नोंदींमधून घराचा आठवडा उभा राहतो. बुधवारी रात्री 'पंच'च्या मंडळींचं जेवण असायचं, तिथे पुढच्या अंकाचं मोठं चित्र कोणत्या विषयावर काढायचं ते ठरायचं. मग काम पुरं करून द्यायला सँबर्नच्या हातात जेमतेम दोन दिवस. गुरुवार-शुक्रवार घरात धावपळ, शनिवारी जरा मोकळा श्वास. त्याची स्वतंत्र चित्रशाळा कितीतरी वर्षं नव्हतीच. दिवाणखान्याच्या मागच्या टोकाला, रंगीत खिडकीपाशी त्याची चित्र काढायची घोडी (ईझल) असायची. म्हणजे मॅरियनच्या पाहुण्यांची बैठक आणि नवऱ्याचं ऑफिस एकाच खोलीत! १८९८ मध्ये मॉडचं लग्न झालं, त्यानंतर वरच्या मजल्यावरच्या मुलांच्या खोलीत त्याचं काम हललं. वीसहून जास्त वर्षं तिने हे कसं सांभाळलं असेल, याचा विचार मी त्या खोलीत उभी राहून प्रत्येक वेळी करते.

घरात स्वयंपाकीण, मोलकरणी, मुलं लहान असताना दाई, आणि जवळच्या तबेल्यात घोडा व मोतद्दार. एवढा पसारा एका चित्रकाराच्या कमाईवर. 'मध्यमवर्गीय' म्हणजे तेव्हा काय, ते या घरात कळतं.

मोडी_लिपी
उत्तम धागा. एक धागा आपल्याकडेही येतो, म्हणून लिहितो. 'पंच' १८४१ मध्ये लंडनला सुरू झाला आणि त्याचं अनुकरण हिंदुस्थानभर झालं. मुंबईत 'पारसी पंच' निघाला, त्याचाच पुढे 'हिंदी पंच' झाला. ठाण्याहून मराठीत 'हिंदू पंच' निघत असे. सरकारी अधिकाऱ्यांवर, म्युनिसिपालिटीवर, काँग्रेसच्या अधिवेशनांवर चित्रांतून बोलायची रीत आपल्याकडे रुळली त्यात या पत्रांचा मोठा वाटा आहे. 'हिंदी पंच'मधली मांडणी पाहिली की लंडनच्या अंकांची छाया सरळ दिसते : मोठी एकपानी आकृती, देशाला बाईचं रूप, प्राण्यांची रूपकं. हे सगळं ज्या टेबलांवर आकाराला येत होतं त्यातलं एक या दिवाणखान्यात होतं.

वळचण
लेख आवडला, तरी एक गोष्ट बोलल्याशिवाय राहवत नाही. आफ्रिकेवर एक पाय केपटाउनला आणि एक कैरोला ठेवून उभा असलेला सेसिल ऱ्होड्स, हातात तारायंत्राची तार. ते प्रसिद्ध चित्र याच सँबर्नचं, डिसेंबर १८९२ च्या 'पंच'मधलं. साम्राज्यावरच्या जवळजवळ प्रत्येक पुस्तकात ते असतं. ज्या घरातून असली चित्रं निघाली त्याच्या भिंतीवरच्या कागदाचं कौतुक करताना मला अडखळायला होतं. आपण त्या तारेच्या दुसऱ्या टोकाला होतो.

अबोली
वळचण, तुमचं अडखळणं मला समजतं. मी तो मुद्दा लिहायलाच हवा होता.

त्या चित्राकडे मी बराच वेळ पाहिलं आहे. त्यात ऱ्होड्सची स्तुती आहे की त्याच्या हावरेपणावर बोट आहे, यावर अजून दोन्ही बाजूंनी बोललं जातं. माझं मत असं की 'पंच'ला साम्राज्य चुकीचं वाटत नव्हतं. त्यांना त्यातला एखादा माणूस फार मोठा झालेला खुपत होता, एवढंच. आणि हे घर त्या आत्मविश्वासावरच उभं होतं : सासऱ्यांचा शेअर बाजारातला पैसा, चिनी बरण्या, जपानी वस्तू, आठवड्याला एक चित्र जे जगभर जायचं. म्हणूनच ते जसंच्या तसं राहिलं हे मला महत्त्वाचं वाटतं. पुस्तकातलं ऱ्होड्सचं चित्र सुटं दिसतं. इथे ते काढणारा माणूस कुठल्या खुर्चीवर बसायचा, कोणाबरोबर जेवायचा, खिडकीबाहेरचं बघायला नको म्हणून रंगीत काच कशी लावायचा, हे सगळं एकत्र दिसतं.

पारंबी
मी दोन वर्षांपूर्वी गेले होते. मला न्हाणीघरात सगळ्यात जास्त वेळ लागला. तिथे सँबर्न फोटो धुवायचा ना? निळे निळे फोटो टांगलेले आठवतात. त्यातल्या काहींबद्दल ऐकून मात्र अस्वस्थ झाले होते.

निळाशाई
निळे फोटो म्हणजे सायनोटाइप. मी गेली सहा-सात वर्षं हेच करतो, त्यामुळे राहवलं नाही.

जॉन हर्शेलने १८४२ मध्ये ही पद्धत शोधली. लोहाचे दोन क्षार पाण्यात मिसळायचे, अंधाऱ्या खोलीत कागदाला लावायचे, वाळवायचे. वर काचेची निगेटिव्ह ठेवून उन्हात धरायचं आणि मग फक्त पाण्याने धुवायचं. उजेड लागला तिथे न विरघळणारा निळा रंग तयार होतो, बाकीचं वाहून जातं. चांदीचे क्षार नाहीत, म्हणून स्वस्त. संगमरवरी टब आणि नळ असला की झालं. इंजिनियरांच्या ब्लूप्रिंट याच रसायनाच्या, आणि सँबर्न इंजिनांच्या कारखान्यातून आलेला माणूस! मला हा योगायोग फार आवडतो.

त्याला फोटो कला म्हणून नको होते. शुक्रवारी चित्र द्यायचं आहे, मंत्र्याच्या कोटाला बसताना कशा सुरकुत्या पडतात ते हवं आहे, तर मोतद्दाराला तसा कोट घालून अंगणात बसवायचं, फोटो काढायचा, त्यावरून रेघ ओढायची. बायको, मुलं, नोकर, स्वतः, सगळ्यांना त्याने उभं केलं. असे हजारो फोटो विषयवार लावून ठेवले होते. आज आपण नेटवर संदर्भचित्र शोधतो, तसं त्याचं घरचं कपाट.

जपणुकीबद्दल एक गोष्ट. सायनोटाइप उजेडात फिका पडतो, पण काही काळ अंधारात ठेवला तर रंग बराच परत येतो. त्याला अल्कलीयुक्त (आम्लाच्या उलट गुणाचं) काही चालत नाही. इतर जुन्या कागदांसाठी मुद्दाम अल्कली घातलेली वेष्टनं वापरतात, ती याला मारक ठरतात.

पारंबी
धन्यवाद निळाशाई, हे माहीत नव्हतं. मी म्हणत होते ते त्या दुसऱ्या फोटोंबद्दल.

अबोली
हो, तेही सांगायला हवं. नग्न मॉडेलांचे फोटो त्याने खूप काढले. त्या बायका पैसे घेऊन, ठरवून बसत, त्या काळच्या चित्रकारांत ते नवं नव्हतं. पण विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात तो लपवलेला कॅमेरा घेऊन केन्सिंग्टनच्या रस्त्यांवर फिरायचा आणि चालणाऱ्या बायकांचे, शाळेला जाणाऱ्या मुलींचे त्यांना कळू न देता फोटो काढायचा. आज कपड्यांचा इतिहास लिहिणाऱ्यांना ते फोटो फार मोलाचे आहेत, कारण त्यात कुणी फोटोसाठी उभं नाही. पण त्या मुलींना कुणी विचारलं नव्हतं. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत आणि मला पहिलीने दुसरी पुसायची नाही. रस्त्यावर असा नकळत फोटो काढला जाण्याचा अनुभव मला स्वतःला आहे, त्यामुळे मी ते फोटो 'काय सुंदर' म्हणून बघू शकत नाही.

वळचण
हे स्पष्ट लिहिलंत, बरं वाटलं. आता घर टिकलं कसं ते सांगा. एव्हाना लंडनमध्ये अशी घरं फोडून त्यांचे फ्लॅट झाले असतील ना?

अबोली
बहुतेकांचे झाले.

लिन्ली १९१० मध्ये गेला, मॅरियन १९१४ मध्ये. घर रॉयकडे आलं. रॉयने लग्न केलं नाही. आईवडिलांच्या वस्तूंमध्ये तो एकटा बत्तीस वर्षं राहिला. पहिलं महायुद्ध गेलं, व्हिक्टोरियन म्हणजे धूळखाऊ आणि हास्यास्पद असं सगळ्यांना वाटण्याचा काळ आला, लोक असल्या भिंती पांढऱ्या करून घेत होते. दुसऱ्या महायुद्धात लंडनवर बॉम्ब पडले. घर वाचलं. रॉयने फारसं काही हलवलं नाही. त्याच्या खोलीत नट्यांचे फोटो आहेत, बाकी घर आईचं. पुस्तकांत त्याच्या वाट्याला जेमतेम दोन-चार ओळी येतात. मला मात्र या घराचा सगळ्यात मोठा राखणदार तोच वाटतो.

१९४६ मध्ये रॉय गेला आणि मॉडने घर हाती घेतलं. मॉडचं लग्न लेनर्ड मेसेलशी झालेलं, ससेक्समधल्या नायमन्सच्या मोठ्या घरात ती राहायची. १९४७च्या फेब्रुवारीत नायमन्सला आग लागली आणि घराचा मोठा भाग, पुस्तकांसकट, जळून गेला. एक घर डोळ्यांदेखत गेल्यावर माहेरच्या घराकडे ती कशी पाहत असेल!

मॉडला तीन मुलं. त्यातला ऑलिव्हर मेसेल नाटकांचे देखावे करणारा म्हणून नावाजला. ॲन हिला हे घर लहानपणापासून आवडायचं. पहिल्या लग्नाचा तिचा मुलगा अँटनी आर्मस्ट्राँग-जोन्स, पुढे लॉर्ड स्नोडन, राजकन्या मार्गारेटचा नवरा आणि व्यवसायाने फोटोग्राफर! पणजोबाच्या न्हाणीघरातून निघालेली वाट इथपर्यंत आली. स्नोडनच्या मुलाला 'व्हायकाउंट लिन्ली' म्हणायचे, ते नाव याच लिन्लीचं. ॲनचं दुसरं लग्न आयर्लंडमधल्या अर्ल ऑफ रॉसशी झालं, म्हणून पुस्तकांत ती 'काउंटेस ऑफ रॉस' म्हणून भेटते.

आता ऐका. ५ नोव्हेंबर १९५७च्या रात्री ॲनने याच घरात काही मंडळी बोलावली. कवी जॉन बेट्जमन, वास्तुकलेचे इतिहासकार निकोलाउस पेव्हस्नर अशी माणसं. तिचं म्हणणं, व्हिक्टोरियन इमारती भराभर पाडल्या जात आहेत, त्यांच्यासाठी एक संस्था हवी. २८ फेब्रुवारी १९५८ रोजी पहिली सभा झाली, तीही इथेच. तीच व्हिक्टोरियन सोसायटी. त्यांची सुरुवातीची मोठी लढाई यूस्टन स्टेशनच्या कमानीची होती, ती ते हरले. १९६१-६२ मध्ये कमान पाडली. पण सेंट पँक्रस स्टेशन १९६७ मध्ये वाचवलं. तिथे बेट्जमनचा पुतळा आहे, वर छताकडे बघणारा.

कोकणचा_पाऊस
सेंट पँक्रस पहिल्यांदा पाहिलं तेव्हा वाटलं होतं, अरे ही तर आपल्या व्ही.टी.ची बहीण! ते पाडायला निघाले होते हे माहीत नव्हतं.

बरं, ॲननंतर काय झालं? कुटुंबाने घर विकलं का? आमच्याकडे चौथी पिढी आली की वाटण्या होतात.

अबोली
१९६० मध्ये मॉड गेली आणि घर ॲनचं झालं. लंडनला आली की ती इथे उतरायची, पाहुणे जेवायला बोलवायची. मुख्य शयनगृह तिच्या काळात नव्याने सजलं, म्हणजे तिनेही घर अगदी हात न लावता ठेवलं असं नाही. १९८० मध्ये तिने घर आतल्या सामानासकट ग्रेटर लंडन कौन्सिलला विकलं आणि व्हिक्टोरियन सोसायटीने ते लोकांसाठी उघडलं. सामानासकट, हे महत्त्वाचं. घर एकाला आणि खुर्च्या लिलावात दहाजणांना गेल्या असत्या तर आज तिथे फक्त चार भिंती असत्या. पुढे ती कौन्सिलच बरखास्त झाली आणि १९८९ पासून घर केन्सिंग्टन-चेल्सी बरोकडे, म्हणजे तिथल्या स्थानिक पालिकेकडे आहे. लेटनचं घरही त्यांच्याचकडे, एका दिवसात दोन्ही बघता येतात. आधी सँबर्न बघा, मग लेटन. उलटं केलंत तर हे घर अंधारं आणि कोंदट वाटेल.

आणि कोकणचा_पाऊस, वस्तू टिकल्या त्याला १८७७ची एक यादीही कारण आहे. घर घेतल्यावर दोनच वर्षांनी खोलीवार सामानाची यादी करून ठेवलेली होती. त्यामुळे कुठली वस्तू सुरुवातीपासूनची आणि कुठली नंतर आली ते ताडून बघता येतं.

रात्रपाळी
उशिरा वाचतोय. मुंबईत जन्मलेले निर्माते इस्माईल मर्चंट यांच्या 'अ रूम विथ अ व्ह्यू' या चित्रपटाचं काही चित्रण याच घरात झालं आहे. अंधाऱ्या, सामानाने भरलेल्या लंडनच्या घरातली दृश्यं आठवा.

खिडकीतला
सगळं एका बैठकीत वाचलं. एक शंका. घराचं नाव 'लिन्ली सँबर्न हाउस' असंच पाटीवर आहे का? सदाफुलीच्या प्रश्नावरून आठवलं.

अबोली
आता नाही! बरीच वर्षं तेच होतं. हल्ली 'सँबर्न हाउस' म्हणतात. नुसतं आडनाव.

सदाफुली
हे वाचून खरंच बरं वाटलं.

आता माझं काम. माझ्या आजीने बावीस वर्षं खर्चाच्या वह्यांत मागच्या बाजूला रोज दोन ओळी लिहिल्या आहेत. दूध किती, कोण आलं, कोणाला ताप. आम्ही घर रिकामं करतोय आणि वह्या रद्दीच्या गठ्ठ्यात होत्या, काल संध्याकाळी मी काढून घेतल्या. ओलीने काही पानं चिकटली आहेत. काय करू?

निळाशाई
सदाफुली, चिकटलेली पानं ओढू नका, इस्त्री किंवा ड्रायर अजिबात नको. घरात सावलीत, पंख्याच्या हलक्या वाऱ्यात वही उभी करून पाकळ्यांसारखी थोडी उघडी ठेवा. अधूनमधून पांढरे टिपकागद घाला, ओले झाले की बदला. वर्तमानपत्र नको, त्याची शाई उतरते. सुटणाऱ्या पानांचे मोबाईलवर फोटो काढत जा, वहीचा पुठ्ठा आणि कोरी पानंसुद्धा. वह्या ज्या क्रमाने गठ्ठ्यात होत्या तो क्रम आधी एका कागदावर लिहून ठेवा.

सदाफुली
क्रम मी मोडला आहे थोडा. पण भावाने गठ्ठ्याचा फोटो काढला होता, त्यावरून लावते. पहिल्या वहीवर १९६३ आहे.

अबोली
लाव आणि इथे पहिलं पान टाइप करून टाक. वाट बघते.